स्वयंपाकघरातल्या कमानी खिडकीला काय लावावं: पडदे, ब्लाइंड आणि रॉडची पारख

कमानीची खिडकी म्हटली की पडद्याच्या दुकानात आधी समोर येतो तो कमानीबरोबर वाकणारा ट्रॅक. दिवाणखान्यात तो शोभून दिसतो. स्वयंपाकघरासाठी, त्यातही खान्देशातल्या स्वयंपाकघरासाठी, आमचं मत स्पष्ट आहे: कमान मोकळी ठेवा, तिच्याखालचा चौकोन झाका. भरिताची वांगी भाजतानाचा धूर, शेवभाजीच्या फोडणीचा ठसका, सगळं वर चढतं आणि छताखाली साठतं. त्याला बाहेर पडायला कमानीतलं तावदान किंवा तिथे बसवलेला एक्झॉस्ट हीच वाट असते. ती कापडाने बंद केली की कापड तेलकट होऊन पिवळं पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये ओट्यापाशी उभं राहवत नाही.

दुकानात जाण्याआधी खिडकीची दिशा बघा. निम्मी निवड तिथेच होते. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन शिरतच नाही, छोटा छज्जाही पुरतो. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारी दक्षिणेला ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवंहवंसं ऊन ओट्यावर येतं. अशा खिडकीला जाड पडदा लावणं म्हणजे पैसे वाया. खरा त्रास पश्चिमेचा, दुपारी तीन-चारपासून मावळेपर्यंत. शिवाय जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो, म्हणून उत्तरेच्या कमानीतूनही संध्याकाळी तिरपं ऊन येतं. पुष्कळांच्या हे लक्षात येत नाही आणि मग सगळ्या खिडक्यांना एकच पडदा शिवला जातो.

पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. तिथे खर्च बाहेरच्या बाजूने करावा, आणि त्यासाठी आपल्याकडे फार शोधावं लागत नाही. रोपवाटिकांसाठी कृषी केंद्रात मिळते ती ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, घ्या. तावदानं सरकती किंवा आत उघडणारी असतील तर ती कमानीच्या आकारात कापायची, कडेने जाड पट्टी शिवायची, दर ८-१० इंचांवर आयलेट (भोकाला बसवायच्या कड्या) मारायचे आणि भिंतीतल्या हुकांवर अडकवायची. काच आणि नेट यांच्यामध्ये ३-४ इंच मोकळे ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाते. ७५ टक्क्यांची नेट घेतली तर ओट्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो. युव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का हे विचारूनच घ्या, नसेल तर आपल्या उन्हात तिचा लवकर भुगा होतो. आणि वळवाच्या वादळांआधी काढून ठेवा. वारा आत भरला की ती हूक उपटून नेते. वाळ्याचे पडदेही चांगले, कारण आपला उन्हाळा कोरडा आणि ओल्या वाळ्यातून आलेली हवा खरंच गार होते. पण ते सरळ कडेचेच मिळतात, आणि रोज पाणी मारल्यावर लाकडी चौकट फुगते. चौकट अॅल्युमिनियमची असेल तरच लावा.

आतल्या बाजूला आमची पहिली पसंती अर्ध्या सुती पडद्याला. कमान जिथून वळायला लागते त्या रेघेवर रॉड, पडद्याची खालची कड खिडकीच्या कट्ट्यापासून इंचभर वर. उजेड कमानीतून येतो, शेजारच्या गच्चीवरून आत दिसत नाही. कापड सुतीच घ्यावं. पॉलिस्टर स्वस्त पडतं, लवकर वाळतं, पण आचेजवळ वितळून चिकटतं. ब्लॅकआउटच्या कापडाला मागून जो थर दिलेला असतो तो वाफ, उष्णता आणि वरचेवरची धुलाई यांनी तडकून सुटायला लागतो. शेगडीच्या बर्नरपासून पडद्याची कड बाजूने किमान दोन फूट दूर हवी. खिडकी थेट शेगडीमागेच असेल तर कापड नकोच, तिथे काचेवर फिल्म लावूनच काम भागवा.

कापड किती लागेल? खिडकी चार फुटी धरू. रॉड ५२ इंचांचा. चुण्या दुप्पट धरल्या तर रुंदीत १०४ इंच लागतात. पडद्याचं कापड बहुधा ४८ किंवा ५४ इंच पन्ह्याचं येतं. ५४ चे दोन पन्हे म्हणजे १०८, त्यातले चार कडांच्या शिवणीत जातात, बरोबर बसतं. ४८ चा पन्हा घेतला तर चुण्या कमी पडतात आणि पडदा ताणलेला दिसतो. तयार उंची २४ इंच असेल तर वर नेफ्याला ४, खाली दुमडीला ४ आणि आटण्यासाठी २, असे ३४ इंच. दोन पन्ह्यांचे ६८, म्हणजे पावणेदोन मीटर. कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवायचं, हे शिंप्याला बजावून सांगा. नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा कट्ट्यापासून दोन-तीन इंच वर जातो. आयलेटपेक्षा नेफाच बरा. आयलेटच्या कड्यांमध्ये तेल आणि धूळ अडकते, शिवाय प्लॅस्टिकच्या कड्या पिवळ्या पडतात.

आता रॉड आणि ब्रॅकेट. तक्रारी बहुतेक इथूनच सुरू होतात. अर्ध्या पडद्याला १६ मिमीचा रॉड पुरतो, २५ मिमीचा बोजड दिसतो. स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं मागा. २०२ स्वस्त असतं, पण त्यात निकेल कमी, त्यामुळे वाफेच्या जागी टोकांना आणि ब्रॅकेटच्या स्क्रूपाशी गंज धरतो. काउंटरवर लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, अस्सल आहे’ असं दाखवलं जातं. त्यावर जाऊ नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच उपाय. मध्ये आधार न देता साडेचार-पाच फुटांपर्यंत चालतं, त्यापुढे मधला ब्रॅकेट हवाच. ग्रिल किंवा तावदानाची कडी आत येत असेल तर भिंतीपासून तीन-साडेतीन इंच पुढे येणारे ब्रॅकेट घ्या. रॉडच्या टोकाचा नॉब शेजारच्या कपाटाच्या दाराला अडतो का, हेही आधीच मोजा.

ब्रॅकेट निखळतो तेव्हा दोष सहसा ब्रॅकेटचा नसतो, भिंतीचा असतो. नव्या बंगल्यांत बऱ्याचदा वर सरळ आरसीसी लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची तुळई) असतं आणि कमानीचा आकार त्याखाली विटांचे तुकडे व प्लास्टर भरून दिलेला असतो. त्या भरावात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकली की ती काही महिन्यांत हलायला लागते. भिंतीवर बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर जागा बदला. ब्रॅकेट खिडकीच्या उभ्या कडेबाहेर दोन-तीन इंचांवर, पक्क्या विटेत घ्यावा. ८ मिमीचं भोक, ८ मिमीची गिट्टी, आणि भोक गिट्टीपेक्षा अर्धा इंच खोल. नाहीतर तळाशी साठलेल्या पुडीमुळे ती पूर्ण आत जात नाही आणि कारागीर वरून हातोडा मारून तिचं तोंड फाडतो. दर वेळी भोकातली पूड फुंकून काढायला सांगा.

अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या जुन्या वाड्यांत खेळ वेगळा. विटांची खरी कमान आणि मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत असेल तर हॅमर ड्रिल वापरू नये, सांधे ढिले होतात. कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या विटेला तर हात लावूच नका, सगळा भार तिथून दोन्हीकडे उतरतो. बाजूच्या भिंतीत दोन-तीन इंचांचा खड्डा करून, वाळलेल्या सागवानाचा ठोकळा सिमेंटमध्ये बसवावा. सिमेंट आठवडाभर पिकू द्यावं आणि मग त्या ठोकळ्यात स्क्रू घ्यावा. कारागीर कंटाळा करतात, पण असा ब्रॅकेट पुढे हलत नाही.

टाइल्सवर भोक पाडायची हौस नसेल तर स्प्रिंगचा रॉड आहे. तो फक्त कमानीखालच्या उभ्या कडांमध्येच धरतो, वळणावर सरकतो. तीन फुटांपर्यंत ठीक. टोकाचं रबर तेलाने आणि उष्णतेने कडक होतं, मग रॉड आपोआप खाली येतो; वर्षाकाठी रबर तपासा.

एवढं सांगूनही कमानीचा ट्रॅकच हवा असेल, निदान जेवणाच्या जागेतल्या खिडकीला, तर एक गोष्ट पक्की समजून घ्या: तो पडदा सरकत नाही. रनर, म्हणजे ट्रॅकमध्ये पडदा धरणारे सरकते तुकडे, उतारावरून खाली घसरतात, म्हणून ते जागच्या जागी अडकवावे लागतात आणि पडदा दोन्ही बाजूंना हूकने बांधून ठेवावा लागतो. सरळ ट्रॅकला दर दीड-दोन फुटांवर क्लिप चालते, वळणावर दर ८-१० इंचांवर लागते.

खरी गडबड कापायच्या टेबलावर होते. शिंपी कमानीचा कागदी साचा थेट कापडावर ठेवून कापतो. चुण्या घातल्यावर कापड रुंदीत निम्मं होतं, त्यामुळे वळण बिघडतं आणि कडेच्या चुण्या तिरक्या ओढल्या जातात. साच्यावरच्या आडव्या मापांना चुण्यांच्या पटीने वाढवायचं, उभी मापं तशीच ठेवायची. चार फुटी अर्धगोल कमान घ्या. मध्यावर तिची उंची २४ इंच, मध्यापासून १२ इंचांवर पावणेएकवीस, १८ इंचांवर सुमारे १६. दुप्पट चुण्यांच्या पडद्यात हीच उंची मध्यापासून २४ आणि ३६ इंचांवर यायला हवी, आणि कमानीचं टोक ४८ इंचांवर. हे शिंप्याला कागदावर काढून द्या. कमान अर्धगोलाहून बसकी असेल तर त्रिज्या काढायची रीत अशी: रुंदीचा वर्ग भागिले कमानीच्या उंचीची आठपट, त्यात उंचीचा निम्मा भाग मिळवा. ४८ इंच रुंद आणि १२ इंच उंच कमानीची त्रिज्या ३० इंच येते. अर्थात आपल्याकडच्या कमानी गवंड्याच्या हातच्या, दोन बाजू क्वचितच सारख्या. म्हणून गणितावर न थांबता खाकी कागद चिकटवून खरी कड गिरवून घ्या आणि कागदावर ‘आतली बाजू’ असं लिहा, नाहीतर साचा उलटा पडतो.

पंख्यासारख्या चुण्यांची जी झालर कमानीत बसवतात ती दिसते सुंदर, पण काढून धुता येत नाही. स्वयंपाकघरात नको.

ब्लाइंडमध्ये चौकोनी भागाला सनस्क्रीन (बारीक जाळीच्या) कापडाचा, वर गुंडाळला जाणारा रोलर ब्लाइंड सगळ्यात बरा. ओल्या फडक्याने पुसला जातो, बाहेरचं दिसतं, ऊन फुटतं. चौकटीच्या आत बसवला तर दोन्ही कडांना अर्ध्या इंचाची फट राहते, ती मान्य करूनच घ्या. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा आणि सर्वांत कमी माप द्या. चौकटीची खोली तीन इंच हवी, नसेल तर बाहेरून बसवा. पट्ट्यापट्ट्यांच्या दुहेरी कापडाचे झेब्रा ब्लाइंड सध्या खूप खपतात, पण दोन थरांमध्ये तेलकट धूळ बसली की निघत नाही. अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचे व्हेनिशियन ब्लाइंड वाफेला भीत नाहीत. घ्यायचे तर २५ ऐवजी ५० मिमी पट्टीचे घ्या, कारण चार फूट उंचीला २५ मिमीच्या पन्नासहून अधिक पट्ट्या एकेक करून पुसाव्या लागतात, ५० मिमीच्या साधारण निम्म्याच. पीव्हीसीच्या पट्ट्या पश्चिमेच्या काचेमागे तापून वाकतात. घरात लहान मूल असेल तर दोरी किंवा साखळी अडकवायचा हूक जमिनीपासून पाच फुटांवर हवा.

कमानीच्या काचेवर फ्रॉस्टेड (दुधी) फिल्म लावली की आडोसाही होतो आणि उजेडही राहतो. साबणाच्या पाण्यावर आतून चिकटवतात, कडेला मिलिमीटरभर जागा सोडतात. गडद फिल्म मात्र पश्चिमेला लावू नका. काच मध्ये तापते, चौकटीत दबलेली कड त्या मानाने गार राहते आणि त्या ताणाने साधी काच तडकते. कमानीची काच हाताने कापलेली, कडेला बारीक खपल्या उडालेल्या, म्हणून तडा तिथूनच सुरू होतो. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच हे सहन करते, पण ती नंतर कापता येत नाही, म्हणून प्लायचा साचा देऊनच मागवावी. नक्षीच्या काचेवर फिल्म फक्त गुळगुळीत बाजूला धरते.

दुकान निवडताना जळगावच्या फुले मार्केटात असो की धुळ्याच्या आग्रा रोडला, एकच परीक्षा घ्या. माप घ्यायला आलेला माणूस फक्त रुंदी आणि एकूण उंची टिपून निघाला, कमानीची उंची वेगळी मोजली नाही, साच्याचं नाव काढलं नाही, तर काम तिथे देऊ नका. बिलावर स्टीलचा ग्रेड, कापडाचं नाव व पन्हा, चुण्यांची पट, ब्रॅकेटची संख्या आणि ‘भिजवून शिवणे’ एवढं लिहून घ्या. फिटिंग झाल्यावर एक्झॉस्ट चालू करा, खिडकी उघडा आणि पडदा कुठे झेपावतो ते पाहा. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो तेव्हा उघड्या खिडकीतला पडदा आत ओढला जातो. तो शेगडीकडे येत असेल तर खालच्या कडेलाही नेफा शिवून दुसरा बारीक रॉड घालायला लावा, आणि उरलेले पैसे त्यानंतर द्या.