रिलेचा ‘टिक’ ऐकवला आणि ७,४५० रुपये घेतले

माझी महिंद्राची एमएम ५४० जीप १९९७ सालची. जुनी जीप असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, मग डिपरमधून (उजेड वर-खाली करायच्या स्विचमधून) फिरून बल्बपर्यंत जातो आणि वाटेतच दमतो. मी स्वतः मीटर लावला होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या पाठीमागे ११.४. एक व्होल्ट कमी मिळाला तरी उजेड साधारण पाव हिश्श्याने घटतो, इथे तर दोनच्या वर गायब. हे मुद्दाम लिहितोय, कारण काहीच माहीत नसलेला माणूस फसतो असं सगळ्यांना वाटतं. मला माहीत होतं. तरी फसलो.

यावर उपाय म्हणजे रिले: डॅशबोर्डचा स्विच फक्त त्याला इशारा देतो आणि बल्बचा मोठा करंट बॅटरीवरून थेट रिलेमधून जातो. ते बसवायला जीपवाल्या दोन ओळखीच्यांनी एका वायरिंगवाल्याचं नाव सांगितलं. त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे हिशेब लिहून दिला: दोन रिले १,३००, जाड तांब्याच्या वायरचं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) ३,२००, सिरॅमिक होल्डर ५००, बल्बची जोडी ९५०, मजुरी १,५००. एकूण ७,४५०. पाच हजार यूपीआयने दिले, २,४५० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “साहेब, बिलावर जीएसटी लागेल, उगाच वाढेल.” मी गप्प बसलो. ही माझी पहिली चूक. बिल नाही तर काम नाही, हे तिथेच म्हणायला हवं होतं.

“दीड तास लागेल, तुम्ही चहा घेऊन या.” मी गेलो. पन्नास मिनिटांत त्याचाच फोन आला, झालं म्हणून. कामावरून नजर हटवू नका, खुर्ची मागून घ्या आणि तिथेच बसा.

परत आलो तर बॉनेटखाली दोन नवे रिले छान स्क्रूने बसवलेले, वायरींवर काळी टेप चापूनचोपून गुंडाळलेली. त्याने लाइट लावला आणि म्हणाला, “ऐका, टिक आवाज आला ना? म्हणजे रिले लागला.” समोरच्या भिंतीवर उजेड असा पडला की मला खरंच आनंद झाला.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. बॉनेट लावताना माझी नजर बॅटरीवर गेली होती. प्लस टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली, अगदी सकाळी होती तशीच. नटावरही तीच, कुठे पान्याचा ओरखडा नाही. रिलेला करंट थेट बॅटरीवरून घ्यायचा तर त्या नटाखाली नवी वायर यायलाच हवी, जवळच फ्यूज हवा. नट फिरला असता तर बुरशी झडली असती. मी ते पाहिलं आणि मनात काय आलं? रविवारी गरम पाणी टाकून टर्मिनल साफ करायला हवं. एवढंच! मीटर गाडीतच होता. पण उजेड दुप्पट दिसत असताना मीटर कोण लावतो? तुम्ही लावा. उजेड बघू नका, बल्बच्या मागचे व्होल्ट बघा.

बारा दिवसांनी ताम्हिणी घाटात रात्री साडेनऊला जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. शेजारी वडील बसले होते, वय ७४. पार्किंग लाइटवर आणि मोबाइलच्या टॉर्चवर गाडी कडेला घेतली. टोइंगचे ४,००० गेले.

दुसऱ्या वायरमनने माझ्यासमोर टेप उलगडली. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिना जोडलेल्या, म्हणजे फक्त कॉइल, रिलेला चालू-बंद करणारा भाग. म्हणून टिक वाजत होतं. ३० आणि ८७ कोऱ्या. ज्या पिनांमधून बल्बचा करंट जायचा त्या रिकाम्या, आणि बल्ब जुन्याच बारीक वायरींवर. उजेड कुठून आला? ६०/५५ वॉटच्या (वरचा/खालचा झोत) जागी १००/९० वॉटचे बल्ब घातले होते, जे रस्त्यावर वापरायला परवानगीच नाही. जिथे नऊ-दहा अँपिअर जायचे तिथून पंधरा-सोळा जाऊ लागले आणि स्विच आतून वितळला. हार्नेसचा जो तुकडा शोभेला लावला होता त्याला ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं ॲल्युमिनियम. वर नुसता तांब्याचा मुलामा. नवा स्विच १,१५०, खरं वायरिंग ५,६००. पहिले ७,४५० आणि टोइंग धरून सगळे मिळून १८,२०० रुपये.

तो फोन उचलत नाही. पोलीस चौकीत गेलो तर “ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” मी म्हटलं, रिले न जोडता जोडल्याचं नाटक करून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? “गाडी तुम्हीच त्याच्याकडे नेली ना?” अर्जावर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायला तीन चकरा लागल्या. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच तुमच्या हाताने पाठवलेत. आरटीओत गेलो तर तिथले साहेब उलट मलाच विचारतात, १००/९० चे बल्ब लावून गाडी चालवलीत, दंड करू का? प्रत्येक टेबलावर बिल मागतात. बिल न देणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्या विरोधात बिल कुठून आणायचं? घाटात वडिलांना काही झालं असतं तरच हे जागे झाले असते का?

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं. मी जातोय. यूपीआयची नोंद, कार्डामागचा हिशेब त्याच्याच अक्षरात आणि वितळलेला स्विच माझ्याकडे आहे. दुसऱ्या वायरमनला लेखी द्या म्हटलं तर तो तयार नाही, त्याला याच गल्लीत धंदा करायचाय. आणि टेप उलगडण्याआधीचा एकही फोटो मी काढलेला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी फोटो काढा, मगच टेपला हात लावू द्या.