क्लच बदललाच नाही, बिल मात्र पूर्ण घेतले

माझ्या जुन्या, हाताने गिअर टाकण्याच्या गाडीचा क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग) बदलला असे सांगून एका गॅरेजने माझ्याकडून संपूर्ण कामाचे पैसे घेतले, आणि प्रत्यक्षात गिअरबॉक्स खाली उतरवलाच नव्हता. क्लचच्या कामात असली माल सांगून नकली बसवतात, जुन्याच प्लेटला नवे अस्तर मारून ती नवी म्हणून विकतात, हे प्रकार सर्वांना ठाऊक असतात आणि मीही त्यांच्यासाठी सावध होतो. काम केलेच नाही, तरी त्याचे बिल होते, हा प्रकार मात्र मला नवा होता.

गाडी चढावर आवाज करायची, पण वेग घ्यायची नाही. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढायचे आणि गाडी तशीच रेंगाळायची. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर क्लच पकडायचा. क्लच घसरतो आहे, हे कळायला एवढे पुरेसे आहे. मी चौकशी न करता कोणाच्याही हाती गाडी दिली, असे कृपा करून समजू नये. दोन-तीन ठिकाणी अंदाज विचारला होता, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्रच बदलायचे असतात हे माहीत होते, आणि या कामात खरा खर्च सामानाइतकाच गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो, हेही माहीत होते.

रुपयांचे आकडे गाडीनुसार बदलतात, म्हणून ठरलेली रक्कम १०० धरून हिशेब सांगतो. त्यात सामान ६० आणि मजुरी ४०. निम्मी रक्कम, म्हणजे ५०, आगाऊ घेतली. दुसऱ्या दिवशी फोन आला की फ्लायव्हीलवर (इंजिनाचे जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) निळे डाग पडले आहेत, ते लेथ यंत्रावर घासून घ्यावे लागेल, त्याचे १८. मग इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील गळते आहे, त्याचे १४. गिअर ऑइल नवे, त्याचे ९. एकूण १४१. यातले प्रत्येक काम क्लच उघडल्यावर खरोखरच निघू शकते, आणि गिअरबॉक्स खाली असतानाच ते करून घेणे शहाणपणाचे असते. फसवणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. त्याने सांगितलेले काहीच अशक्य वाटत नाही. व्हिडिओसुद्धा आला. त्यात टेबलावर एक उघडा गिअरबॉक्स होता. तो कोणत्या गाडीचा, हे सांगणारी एकही खूण चौकटीत नव्हती.

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की अजूनही तळपायाची आग मस्तकाला जाते. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी जुने सुटे भाग मागितले. मिस्त्रीने तत्परतेने एक झिजलेली क्लच प्लेट हातात ठेवली. अस्तर रिव्हेटपर्यंत गेलेले, कडा काळवंडलेल्या, सगळे अगदी हवे तसे. मी तिच्या मधल्या दातेरी भोकात अंगठा फिरवला आणि अंगठ्याला तांबूस भुकटी लागली. गंज. ही प्लेट त्या दातांवरून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर पुढेमागे सरकत असते, तो भाग घासून गुळगुळीत झालेला असतो. आदल्या दिवसापर्यंत रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या प्लेटमध्ये असा जाड गंज कसा येईल? प्लेट महिनोन्महिने कोठेतरी कोपऱ्यात पडून होती, हे तो गंज ओरडून सांगत होता. शिवाय सील गळत होते म्हणता, तर प्लेटवर तेलाचा एक थेंबही नव्हता. मी गंजाबद्दल विचारलेही. उत्तर आले, ‘साहेब, जुनी गाडी आहे, गंज असणारच.’ त्याच वेळी दुसऱ्या माणसाने किल्ली पुढे केली, बिल पुढे केले, मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, आणि मी पैसे दिले. त्या गर्दीत उभ्या असलेल्या कोणत्याही सरळ माणसाने हेच केले असते, असे मी आजही म्हणेन.

चालवून पाहिल्यावर फरक जाणवला, हेच या ठकवण्यातले खरे कसब. क्लच खाली पकडू लागला होता, घसरणे थांबले होते. याचे कारण नंतर कळले. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी हालचाल कमी होत जाते. ती संपली की पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेला राहतो आणि घसरू लागतो. केबलचा नट फिरवून ती ढील परत दिली की उरलेसुरले अस्तर काही काळ पुन्हा पकडते. मिनिटभराचे काम, पान्याखेरीज काही लागत नाही. आणखी एक गोष्ट मी सांगतो ती लक्षात ठेवा: पेडल कुठे पकडते ते बदलले होते, पण त्याचा जडपणा तसाच होता. झिजलेल्या क्लचचे पेडल बहुतेकदा जड झालेले असते. नवा संच बसला की ते बहुधा हलके लागते.

काही आठवड्यांत घसरणे परतले. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावले. पहिल्या ठिकाणी मला लिफ्टजवळ फिरकू दिले नव्हते, सुरक्षेचे कारण सांगून. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवर वाळलेला, तेलकट चिखल जसाच्या तसा होता. एकाही कडेवर पान्याची ताजी चकाकी नव्हती. ॲक्सल आणि स्टार्टरच्या बोल्टांचीही तीच गत. गाडीचा इंजिनाखालचा भाग धुतला होता, असे मोघम उत्तर मिळू नये म्हणून सगळ्याचे फोटो घेतले. उघडल्यावर जुना संच निघाला. फ्लायव्हील निरोगी, लेथ कधी न पाहिलेले, सील कोरडे. खऱ्या कामाचे ९६ झाले. म्हणजे ९६च्या कामाला माझे २३७ गेले.

पहिल्या गॅरेजने आधी कानांवर हात ठेवले, मग ‘कारागीर सोडून गेला’ म्हटले, मग मिटवून टाका म्हणून २० देऊ केले. मी पोलिस ठाण्यात गेलो. तिथे सांगितले गेले की हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. चोराने माझे पाकीट मारले असते तर तो गुन्हा, आणि न केलेल्या कामाचे बिल देऊन त्याच्या कितीतरी पट पैसे काढून घेतले तर तो गैरसमज! गॅरेजवाल्यांच्या संघटनेकडे गेलो, तर हे गॅरेज सभासदच नाही म्हणाले. ग्राहक तक्रार कक्षात अर्ज दिला. त्यांनी विचारले, बिलावर सुट्या भागांचे क्रमांक आहेत का? नाहीत, ‘क्लच सेट १’ एवढेच आहे. मग तज्ज्ञाचे लेखी मत आणा. कोणताही मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीविरुद्ध लिहून द्यायला तयार नाही, ज्याने माझी गाडी उघडली तो तोंडी सगळे सांगतो पण सहीचे नाव काढताच काम आठवते. बरे, फोटो? फोटो गाडी उघडण्यापूर्वीचेच आहेत हे सिद्ध करा. आणि गाडी दुसरीकडे दुरुस्त का केली, पुरावा नष्ट झाला, असेही मलाच ऐकवले. घसरत्या क्लचची गाडी निकाल लागेपर्यंत उभी करून ठेवायची, आणि रोजचे जाणेयेणे पायी करायचे, असे त्या खुर्चीत बसून म्हणायला काय जाते! तीन खिडक्या, तीन अर्ज, आणि प्रत्येकाचा एकच उद्योग, कागद पुढच्याकडे ढकलणे.

गाडी देण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या दोन बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या, हात पोहोचत नसेल तर निदान फोटो काढा. गिअरबॉक्स खाली असताना स्वतः जाऊन बघा; जमत नसेल तर फोटो असा मागा, ज्यात रिकामी जागा आणि गाडीचा नंबर एकत्र दिसेल. नव्या सामानाची खोकी आणि त्यांवरचे क्रमांक बिलात लिहून घ्या. क्रमांक लिहायला जो कुरकुरतो, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. आणि गॅरेजला जाण्याआधी केबलला ढील आहे का, एवढे पाहून घ्या. कधीकधी तेवढ्यानेच भागते, आणि मग ते काम नटाच्या दराने होते, संचाच्या नव्हे.

२० घेऊन प्रकरण मिटवायला मी नकार दिला आहे. तक्रार कक्षाने आता गॅरेजकडून सामान खरेदीच्या पावत्या मागवल्या आहेत, त्याही माझ्या तिसऱ्या स्मरणपत्रानंतर.