तिसरा मुक्काम कुठे: केर्न्स, उलुरू की टास्मानिया?

मामेभावाने व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली: मेलबर्न, सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, उलुरू आणि 'जमलं तर पर्थ'. दिवस चौदा, माणसं पाच, त्यात मामी सत्तरीच्या. मी त्याला विचारलं, काझीरंगा, जैसलमेर, श्रीनगर आणि कन्याकुमारी अशी चौदा दिवसांची सहल कोणी आखली तर तू काय म्हणशील? ऑस्ट्रेलिया भारताच्या दुपटीहून मोठा आहे. सिडनीहून पर्थला विमानाने पाच तास लागतात, म्हणजे जवळजवळ मुंबई ते सिंगापूर. पर्थवर तिथल्या तिथे काट मारली. गोल्ड कोस्टवरही मारली, कारण थीम पार्कसाठी एवढ्या लांब जायचं तर मुलं त्या वयाची हवीत आणि त्याची कॉलेजात आहेत.

चौदा दिवसांत तीन मुक्काम नीट होतात. मुक्काम बदलायचा म्हणजे बॅगा भरा, सकाळी दहाला खोली सोडा, विमानतळ गाठा, आणि पलीकडची खोली दुपारी दोन-तीनशिवाय ताब्यात येत नाही. दिवस गेलाच. मेलबर्न आणि सिडनी हे दोन मुक्काम बहुतेकांचे ठरलेले असतात, त्यामुळे वाद असतो तो तिसऱ्यावर: ईशान्य किनाऱ्यावरचं केर्न्स, मधल्या वाळवंटातला उलुरू हा प्रचंड खडक, की दक्षिणेचं टास्मानिया बेट. मी दोनदा जाऊन आले. एकदा मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मेलबर्न, सिडनी, केर्न्स केलं. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत नवरा आणि मुलाबरोबर सिडनी, उलुरू, मेलबर्न आणि टास्मानिया. (हो, चौथ्या मुक्कामाचा मोह मलाही आवरला नव्हता. शेवटचे दोन दिवस आम्ही फक्त झोपा काढल्या.)

आधी महिना, मग नकाशा

आपल्याकडे शाळेच्या सुट्ट्या दोन, मे आणि दिवाळी. तिथले ऋतू उलटे. मे म्हणजे दक्षिणेत शरद संपून थंडी लागायचे दिवस. मेलबर्नला दुपारी स्वेटर पुरतो, पण संध्याकाळी सव्वापाचलाच अंधारायला लागतं. त्याच वेळी वर केर्न्समध्ये पाऊस सरून छान कोरडी हवा सुरू झालेली असते, आणि उलुरूला दिवस सुखाचे, रात्री मात्र कडाक्याच्या. टास्मानियात मे म्हणजे गारठा आणि छोटे दिवस.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हे चित्र फिरतं. दक्षिणेत वसंत, दिवस मोठा, रात्री आठपर्यंत उजेड. उलुरूला पारा पस्तिशी गाठायला लागतो. केर्न्सला दमट उकाडा सुरू होतो आणि समुद्रात विषारी जेलीफिशचा हंगाम लागतो. तो साधारण नोव्हेंबर ते मे असा धरतात.

माझा हिशोब त्यामुळे सोपा आहे. मेमध्ये जाणार असाल तर केर्न्स, नाहीतर उलुरू, टास्मानिया नको. दिवाळीत जाणार असाल तर टास्मानिया पहिला, उलुरू जपून, केर्न्स शेवटी. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना सुट्टी असते, सगळीकडे गर्दी आणि दर चढे. बॉक्सिंग डे कसोटीची तिकिटं हातात असतील तरच जावं.

मेलबर्नला चार रात्री, सिडनीला तीन

लोक उलट करतात. ऑपेरा हाऊस सिडनीत आहे म्हणून सिडनीला जास्त रात्री देतात. पण सिडनीचं बहुतेक वैभव एका बंदराभोवती आहे. सर्क्युलर की या बोटींच्या धक्क्यावर उभं राहिलं की एका हाताला 1932 चा हार्बर ब्रिज आणि दुसऱ्या हाताला 1973 चं ऑपेरा हाऊस. समोरच्या मॅनली उपनगराची फेरीबोट पकडली की अर्ध्या तासात दोन्ही पाण्यावरून बघून होतात, तेही साध्या तिकिटात. बँकेचं कार्ड टेकवायचं आणि चढायचं. त्याच जागेसाठी महागड्या क्रूझचे पैसे भरणारी मंडळी पाहिली की हळहळ वाटते. एक दिवस ट्रेनने ब्लू माउंटन्स, कटूंबापर्यंत दोन तास. सिडनी झालं.

मेलबर्नचं तसं नाही. शहर छान आहे, पण बघायचं ते शहराबाहेर. ग्रेट ओशन रोड हा पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला सुमारे 240 किलोमीटरचा किनारी रस्ता. एका दिवसाच्या बसने तो 'होतो', पण बारा-तेरा तासांत. आणि सगळ्या बसेस ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या दगडी खांबांपाशी, भर दुपारीच पोचतात. आम्ही दुसऱ्या खेपेला जवळच्या पोर्ट कॅम्पबेल गावात मुक्काम केला. सकाळी साडेसहाला त्या कड्यावर आमच्याशिवाय चार माणसं होती. 2005 साली त्यातला एक खांब आपोआप कोसळला. बारा तर ते कधीच नव्हते. जवळच लॉक आर्ड गॉर्ज आहे. 1878 मध्ये तिथे जहाज फुटलं आणि 54 पैकी फक्त दोघं वाचले. खाली वाळूत उतरून ते दोन्हीकडचे उभे कडे बघितले की दोघं तरी कसे वाचले, असंच वाटतं.

मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडचे पेंग्विन मात्र मेमध्येच बघावेत. दीड वीत उंचीचे हे पक्षी सूर्यास्तानंतर समुद्रातून बाहेर येतात. लाटेच्या कडेला घोळका थांबतो, एक पुढे येतो, सीगल हलला की सगळे पुन्हा पाण्यात. शेवटी धीर एकवटून वाळू ओलांडतात. बाबा म्हणाले, "कर्वे रोड ओलांडताना तुझी आई अशीच करते." फोटोला बंदी आहे, त्यामुळे सगळे खरंच बघत बसतात. मेमध्ये सूर्य लवकर मावळतो, म्हणून नऊ-साडेनऊला घरी. भर उन्हाळ्यात हाच कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत लांबतो.

आणि एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. 2020 च्या डिसेंबरात, ॲडलेडला 36 धावांत गुंडाळले गेल्यानंतरच्याच कसोटीत, रहाणेने तिथे 112 काढल्या आणि आपण आठ गडी राखून जिंकलो. सामना नसताना मैदानाची टूर मिळते. आईला क्रिकेटचं फारसं नाही, तरी तीसुद्धा एक लाख खुर्च्यांकडे बघत गप्प बसली होती.

सिडनी-मेलबर्न गाडीने की विमानाने? ह्यूम हायवेने पावणेनऊशे किलोमीटर, नऊ तास, आणि रस्ता कंटाळवाणा. विमानाने दीड तास. किनाऱ्याने जायचं तर हजार किलोमीटरच्या वर, दोन-तीन दिवस द्या. तो प्रवास सुंदर आहे, पण मग तोच तुमचा तिसरा मुक्काम समजा.

केर्न्स

केर्न्सबद्दल एक गैरसमज आधी काढते. गावाला पोहायचा किनारा नाही. ओहोटीला समोर चिखल दिसतो आणि पाट्यांवर मगरी. म्हणून नगरपालिकेने काठावर मोठा तलाव बांधलाय, लोक त्यात डुंबतात. किनारा हवा असेल तर तासाभरावरच्या पोर्ट डग्लसला राहा.

केर्न्सला जायचं ते ग्रेट बॅरियर रीफसाठी. 2,300 किलोमीटर पसरलेली ही प्रवाळांची रांग 1981 पासून जागतिक वारसा आहे. बोटीने बाहेरच्या रीफपर्यंत दीड-दोन तास लागतात आणि बोट हलते. चांगलीच हलते. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही. हे ज्ञान मी किंमत मोजून मिळवलंय. पोहता न येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. मोठ्या कंपन्यांच्या बोटी समुद्रातल्या तरंगत्या फलाटाला लागतात, तिथून काचेच्या तळाची बोट असते. आई त्यात बसली आणि मी शेजारी पाण्यात होते. मला जे जेमतेम दिसलं ते तिला जास्त नीट दिसलं. हिरवट शिंपल्याचं भलंमोठं तोंड मिटताना तिने बघितलं. नंतर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगत होती.

दुसरा दिवस डोंगरावरच्या कुरांडा गावाचा. जाताना जुनी रेल्वे, येताना वर्षावनाच्या डोक्यावरून साडेसात किलोमीटरची स्कायरेल, म्हणजे रोपवे. रेल्वेला 15 बोगदे आहेत. ज्यांनी पावसाळ्यात लोणावळा-कर्जत घाट गाडीच्या दारात बसून केलाय त्यांना ती रेल्वे ठीकठाक वाटेल. स्कायरेल मात्र सोडू नका.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर केर्न्स निर्धोक. सपाट गाव, चालत फिरता येतं, किचनवाल्या खोल्या मिळतात, दोन दिवसांत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी. तीन रात्री पुरेत.

उलुरू

उलुरू अॅलिस स्प्रिंग्सजवळ आहे असं समजून तिकीट काढणारे मी दोन जण पाहिलेत. मधलं अंतर साडेचारशे किलोमीटर आहे, पुणे ते गोव्याएवढं. उलुरूचा स्वतःचा विमानतळ आहे, सिडनीहून साधारण साडेतीन तासांवर. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे घ्यावं लागलं, त्यामुळे पहिला सूर्यास्त आयताच पदरात पडला.

राहायची सोय एकाच ठिकाणी, युलारा. तंबूपासून पंचतारांकितपर्यंत सगळं आहे, पण सगळं एकाच व्यवस्थापनाकडे, त्यामुळे भावाला स्पर्धा नाही. आमच्या सहलीतल्या सगळ्यात महाग दोन रात्री तिथल्या, आणि खोली सगळ्यात साधी. शाकाहाऱ्यांनी तिथल्या किराणा दुकानातून ब्रेड, चीज, टोमॅटो घ्यावेत आणि आनंदात राहावं.

आता खडकाबद्दल. 348 मीटर उंच, म्हणजे आपल्या कुठल्याही किल्ल्यापुढे उंचीचं कौतुक नाही. वर चढणंही 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे. ही तिथल्या मूळच्या अनंगू लोकांची पवित्र जागा. जमीन त्यांना 1985 मध्ये परत मिळाली, आणि वर चढू नका ही त्यांची विनंती त्याआधीपासून होती. मग करायचं काय? पायथ्याने चालायचं. पूर्ण फेरी साडेदहा किलोमीटर. आपल्या भाषेत प्रदक्षिणाच. लांबून एकसंध दिसणारा खडक जवळून खवल्यांचा निघतो. गंजलेल्या पत्र्याचे पापुद्रे सुटावेत तसे. तो रंग खरोखर गंजाचाच आहे. आतल्या गुहांत, जिथे हवा-पाणी कमी पोचतं, तिथे मूळ राखाडी दगड दिसतो. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळाव्यात.

दिवाळीत गेलात तर दोन गोष्टी. एक, माश्या. चेहऱ्यावर जाळी घालायला लाजू नका, पहिल्या दहा मिनिटांत लाज जाते. दुसरी, ऊन. काटा जुटा या शेजारच्या खडकांमधली व्हॅली ऑफ द विंड्स ही पायवाट, तापमान 36 अंशांवर जाणार असा अंदाज असेल, तर सकाळी अकरालाच बंद करतात. आम्ही साडेदहाला फाटकाशी पोचलो आणि अर्ध्यातून परतलो. पाच वर्षांची मुलं आणि सत्तरीची माणसं बरोबर असतील तर मी उलुरू सुचवणार नाही. दोघंच असाल, चालायची आवड असेल आणि बजेट ताणता येत असेल, तर मात्र केर्न्स सोडून इथे या. समुद्र आपल्यालाही आहे. असं वाळवंट नाही.

टास्मानिया

इथे गाडी चालवायची तयारी हवी. तिथेही डावीकडूनच चालवतात, आणि इंग्रजीतलं आपलं लायसन्स पर्यटकाला चालतं. तरी भाड्याची गाडी घेताना अडवणूक नको म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला बरा. मेलबर्नहून लॉन्सेस्टनला उतरा आणि परत होबार्टहून निघा, म्हणजे तोच रस्ता दोनदा नको. चार रात्रींच्या खाली जाऊ नये. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, कारण तिन्हीसांजेला वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, रस्त्यावर येतात. सकाळी कडेला पडलेली जनावरं बघून वाईट वाटतं.

बदल्यात काय मिळतं? क्रेडल माउंटनला संध्याकाळी गवतात चरणारे वॉम्बॅट, अस्वलाच्या पिल्लासारखे गुबगुबीत प्राणी, दहा पावलांवर. त्यांची लेंडी चौकोनी असते, हे पुस्तकात वाचलेलं माझ्या मुलाला प्रत्यक्ष सापडलं आणि ऑपेरा हाऊस त्याच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गेलं. पोर्ट आर्थरचा जुना कैदखाना, होबार्टमागचा 1,271 मीटरचा डोंगर, शनिवारचा सलामांका बाजार. झगमगाट काही नाही. 'ऑस्ट्रेलिया पाहून आलो' असं सोसायटीत सांगायचं असेल तर टास्मानियाचे फोटो दाखवून कोणी ओळखणार नाही.

बुकिंगचा क्रम

विमान एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्यातून निघणारं घ्या: मेलबर्नला उतरून सिडनीहून परत, तिसरा मुक्काम मधे. उलुरू ठरलं असेल तर आधी युलाराची खोली बघा, मग विमान.

मामेभावाचं मेचं ठरलंय: मेलबर्न चार, केर्न्स तीन, सिडनी चार, एक रात्र पोर्ट कॅम्पबेल. आता भांडण फक्त मामींशी. त्यांना चितळ्यांची बर्फी आणि घरचं तूप न्यायचंय. दुधाचं काही तिथे चालत नाही, असं मी तिसऱ्यांदा सांगितलं. खाण्याचं जे न्याल ते उतरताना भरायच्या प्रवेश-कार्डावर 'हो' अशी खूण करून दाखवायचं, नाहीतर दंड जबर. आमच्या आईने मेतकूट जाहीर केलं होतं. अधिकाऱ्याने पुडी उघडली, वास घेतला, भातावर घालतात का विचारलं आणि जा म्हणाला. मामी म्हणतात, मग तुपाचाही वास घेऊ दे की त्याला.