बी.एड. करून बायोलॉजीची मॅडम होताना: पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन सरावशाळेचे

एम.एस्सी. बॉटनी झाल्यावर सहा वर्षं पुण्यात एका लॅबमध्ये काढली, मग मुलगी झाली, नोकरी सुटली आणि 32 व्या वर्षी बी.एड.ला ॲडमिशन घेतली. आता मैत्रिणी, मैत्रिणींच्या नणंदा, सगळ्या विचारतात की बायोलॉजी शिकवायचंय तर हा कोर्स कसा आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव नाही लिहिणार, तिथून अजून एक दाखला यायचाय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मी भरपूर लोकांना यात फसलेलं बघितलंय. नुसतं बी.एस्सी. बी.एड. असेल तर तुम्ही नववी-दहावीला शिकवणार, आणि आपल्या स्टेट बोर्डात तिथे बायोलॉजी असा वेगळा विषयच नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 आणि भाग 2 आहे, जीवशास्त्र बरंचसं भाग 2 मध्ये, पण शाळा म्हणाली की विद्युतधारा पण तुम्हीच घ्या तर घ्यावीच लागते. अकरावी-बारावीला फक्त बायोलॉजी शिकवायचं असेल तर एम.एस्सी. आणि वर बी.एड., दोन्ही पाहिजे.

सीईटीला, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेला, घाबरायचं कारण नाही. 100 प्रश्न, 90 मिनिटं, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. विषयाचं एक अक्षर नाही. तेव्हा मला हे भारी वाटलेलं, नंतर कळलं की पुढची दोन वर्षंही साधारण असंच चालतं.

2015 पासून कोर्स दोन वर्षांचा झालाय. पहिल्या वर्षात मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, मूल्यमापन वगैरे, त्यातलं मानसशास्त्र खरंच आवडलं मला. बाकीचे पेपर गाईड वाचून होतात, खोटं कशाला बोलू. सूक्ष्म अध्यापन मात्र मजेशीर प्रकार आहे. सहा मिनिटांचा पाठ, त्यात एकच कौशल्य दाखवायचं, प्रश्न विचारणं किंवा फलक लेखन किंवा चेतक बदल (आवाज, हावभाव बदलून लक्ष धरून ठेवणं), आणि समोर आपल्याच वर्गातले लोक आठवीची पोरं बनून बसलेले. माझ्या पाठाला दोन लेकरांची आई असलेली एक ताई इतकी मन लावून आठवीची झाली की तिने खरंच शेजारणीची वेणी ओढली. हसू येतं, पण फळ्याकडे तोंड करून बोलायची माझी सवय तिथेच सुटली, हे मान्य करावं लागेल.

आता तक्रार. फाईली! टाचणं (म्हणजे पाठाची लेखी आखणी), निरीक्षण नोंदी, प्रोजेक्ट, केस स्टडी, सगळं हाताने, रेघा मारून, वर स्केचपेनने बॉर्डर. माझं पेशीविभाजनावरचं टाचण 11 पानांचं होतं, आणि सरांनी ज्या एका गोष्टीवर लाल गोल केला ती म्हणजे उद्दिष्टांच्या तक्त्यातला एक रकाना. त्याच टाचणात मी गुणसूत्रांच्या जोड्या चुकीच्या काढलेल्या, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, मलाच रात्री भांडी घासताना आठवलं. कारण मेथडचे, म्हणजे विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवणारे, सर फिजिक्सचे. माणूस चांगला पण बायोलॉजी त्यांचा प्रांत नाही, आणि अख्ख्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच, तोही कपाटात, चावी कारकुनाकडे, कारकून रजेवर.

मग सरावशाळेचे ते दोन स्टार कशाचे, तर आंतरवासितेचे, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवायच्या इंटर्नशिपचे. नियमाप्रमाणे एकूण 20 आठवडे, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. मला सरावशाळा मिळाली ती ज्युनियर कॉलेज जोडलेली, आणि तिथे एक बायोलॉजीच्या मॅडम होत्या, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं टाचण बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कांदे ठेवलेस का पाण्यावर?" मला वाटलं चेष्टा करतायत. कांद्याच्या मुळाच्या टोकातली पेशीविभाजनाची स्लाईड करायची होती. मी एम.एस्सी., हे कितीतरी वेळा केलेलं, पण 40 पोरांसाठी कधी केलं होतं? कांदे किती दिवस आधी ठेवायचे, मुळं सकाळीच का कापायची (दुपारी कापलीत तर विभाजन होणाऱ्या पेशी शोधत बसाल), ॲसिटोकार्मिन टाकल्यावर अंगठ्याने किती दाबायचं की कव्हरस्लिप फुटणार नाही, हे त्यांनी एकेका बाकाशी उभं राहून दाखवलं. एका पोरीने डोळा लावला आणि ओरडली, "मॅडम, शेवया सांडल्यात!" मॅडम म्हणाल्या, "त्या शेवया मोज." पोरगी तास संपला तरी मोजत बसली.

दहावीला प्रजननाचा धडा घ्यायची वेळ आली तेव्हाही त्याच कामाला आल्या. वर्गात खुसूखुसू सुरू झालं की आवाज चढवायचा नाही आणि घाईने पुढेही जायचं नाही, आधी फुलापासून सुरुवात करायची, जास्वंद उभी कापून हातात द्यायची, पुंकेसर, अंडाशय हे शब्द तिथेच पोरांच्या तोंडात बसतात, मग माणसावर आलं की निम्मं हसू ओसरलेलं असतं. हे मला दोन वर्षांत कुठल्याच पेपरात भेटलं नाही.

म्हणून ॲडमिशनच्या वेळी कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजची बिल्डिंग बघू नका, सरावशाळा कोणत्या ते विचारा, आणि तिथे चालू लॅब आहे का, बायोलॉजीचं कुणी आहे का हेही विचारा. "यायची गरज नाही, परीक्षेला या" अशी ऑफर देणारी कॉलेजं पण भेटतील. फी तेवढीच जाते आणि ज्यासाठी पैसे मोजायचे नेमकं तेच हातचं जातं.

आणि डिग्री मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. पुढे टेट (TAIT), म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 प्रश्न 120 मिनिटांत, परत विषय शून्य, मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी वेबसाईट. टेट 2017 नंतर थेट 2023 ला झाली आणि मग 2025 ला, म्हणजे बघा. मी सध्या तासिका तत्त्वावर अकरावीला शिकवते, मानधन सांगायला लाज वाटते. शुक्रवारी प्रात्यक्षिक आहे, खिडकीत बारा कांदे ठेवलेत, सासूबाई रोज विचारतात भाजीला एक घेऊ का.