पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना : पगार थांबल्यावर घर चालवायला कितपत उपयोगी?

सरकारी पेन्शन असलेल्यांचं एक वेळ भागतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतून किंवा आसपासच्या साखर कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्यांना मात्र ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाला जोडलेल्या १९९५ च्या योजनेची पेन्शन मिळते. ती किमान १,००० रुपये आणि साधारणपणे ७,५०० च्या वर जात नाही. म्हणजे घर चालवायचं ते फंड आणि ग्रॅच्युइटीच्या व्याजावर. अशा घरासाठी ही योजना कशी आहे, ते पाहू.

दर चांगला आहे, त्यावर फार बोलायला नको. एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के. खाते उघडताना जो दर असेल तो पूर्ण पाच वर्षे टिकतो, सरकारने मध्येच कमी केला तरी. मर्यादा माणशी ३० लाख. नवरा-बायको दोघेही पात्र असतील तर दोघांची स्वतंत्र खाती काढावीत. संयुक्त खात्यात सगळी रक्कम पहिल्या नावाच्याच मर्यादेत धरली जाते.

खरी अडचण व्याजाच्या तारखांची आहे. १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारी. बस्स. बरेच जण हुशारी करतात : पैसे तीन भागांत, तीन वेगळ्या महिन्यांत ठेवायचे, म्हणजे दर महिन्याला एकेका खात्याचं व्याज येईल. बँकेच्या ठेवीत हे जमतं, इथे नाही. खाते कधीही उघडा, व्याज याच चार तारखांना. पहिला हप्ता तर अर्धवटच येतो. २० ऑगस्टला १५ लाख ठेवले तर १ ऑक्टोबरला ४२ दिवसांचे सुमारे १४ हजार मिळतात आणि ‘पोस्टवाल्यांनी कमी दिलं’ म्हणून घरात चर्चा सुरू होते. पूर्ण तिमाहीचे ३०,७५० जानेवारीपासून.

यावर उपाय सोपा आहे. तिमाहीचं व्याज घरखर्चाच्या खात्यात घ्यायचंच नाही. ते एका वेगळ्या बचत खात्यात पडू द्यावं आणि तिथून दर महिन्याला १०,२५० घरखर्चाच्या खात्यात वळवावेत. पगार आल्यासारखे. नाहीतर जुलैत हात सैल सुटतो आणि सप्टेंबरात, नेमके गणपती आले की, ओढाताण होते. एप्रिलच्या व्याजातून पावसाळ्याआधीची कौलं-पत्र्यांची डागडुजी आणि नातवंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च बाजूला काढून ठेवावा लागतो, कारण जूनमध्ये इथून काहीच येत नाही. दरमहाच हवं असेल तर काही रक्कम पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवावी : ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५०. दर कमी, पण झोप बरी.

व्याज बचत खात्यात आपोआप जमा करायची सूचना खाते उघडतानाच द्या. ती राहिली तर व्याज योजनेच्या खात्यात नुसतं पडून राहतं आणि त्यावर एक पैसाही मिळत नाही.

आता वयाची भानगड. नियम साठ वर्षांचा, पण शिक्षक आणि बहुतेक राज्य कर्मचारी ५८ व्या वर्षीच निवृत्त होतात. त्यांना ५५ ते ६० च्या सवलतीत बसता येतं. त्यासाठी निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडायला हवं, आणि तेही मिळालेल्या रकमेच्या मर्यादेतच. पैसे कोणत्या तारखेला, कशाचे, किती मिळाले, याचं कार्यालयाचं पत्र लागतं. ते पत्र मिळवण्यातच महिना जातो, म्हणून सेवापूर्तीच्या नारळ-शालीआधीच अर्ज टाकून ठेवावा. तीन महिने उलटले की साठीपर्यंत दार बंद. एक लाखाच्या वरची रक्कम चेकनेच भरायची असते आणि चेक वटला तीच खात्याची तारीख धरली जाते. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

कागदपत्रांत सर्वाधिक खोळंबा नावाने होतो. आधारवर ‘शांताबाई’, पॅनवर ‘शांता’. एकीकडे ‘राव’ लावलेला, दुसरीकडे नाही. हे आधी सरळ करून घ्या. पासबुक हातात आलं की खिडकीवरून हलायच्या आधी जन्मतारीख, वारसाची नोंद, व्याजदर आणि मुदतीची तारीख वाचा. मागे रांग असली तरी वाचा.

सगळी रक्कम एकाच खात्यात ठेवणं चूक. मधूनच थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खाते. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं होतं, दुसऱ्या वर्षात दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. १५ लाखांची पाच-पाच लाखांची तीन खाती केली तर गुडघ्याच्या ऑपरेशनला एकच मोडावं लागेल.

टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा कर, साठीनंतर वर्षाला एक लाखाच्या वर व्याज गेल्यावर, म्हणजे १२ लाखांच्या ठेवीपर्यंत चिंता नाही. ५८ वर्षांच्या माणसाला ही मर्यादा ५० हजारच. कर लागतच नसेल तर स्वघोषणेचा फॉर्म दर एप्रिलमध्ये द्यावा लागतो. एकदा दिला म्हणजे झालं, असं नाही.

पतसंस्था जास्त दर देतात, हे खरं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. निवृत्तीची पुंजी तिथे ठेवू नये, हे आमचं स्पष्ट मत.

पोस्टाला पाचपैकी चार गुण. एक कापला तो मुदत संपल्यावरच्या व्यवहारासाठी. पाच वर्षांनी खाते आपोआप पुढे चालू होत नाही. मुदतीनंतर वर्षाच्या आत अर्ज दिला तर तीन वर्षे वाढतं, तेही मुदत संपली त्या दिवशीच्या दराने. अर्ज दिलाच नाही तर बचत खात्याचा दर, म्हणजे चार टक्के. पाच वर्षांनंतरची दिनदर्शिका कोणाच्या घरात नसते, तेव्हा ती तारीख पासबुकाच्या वेष्टनावर जाड पेनाने लिहा आणि घरातल्या दुसऱ्यालाही दाखवून ठेवा.