एक लाख लुमेनची बॅटरी, वीस मिनिटांचा उजेड

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात त्याला सेल. मी दोन्हींत फसलो. रक्कम मोठी नाही, १,१४९ रुपये. पण ती विझली तेव्हा मी मध्यरात्री उसाच्या कडेला उभा होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

जुन्नर तालुक्यातल्या माणसाला रात्रीचं रान समजावून सांगावं लागत नाही. शेतीपंपाची लाईट आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी लागली की जेवून निघायचं, विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची आणि गव्हाला, कांद्याला दारं धरत बांधाबांधाने फिरायचं. पायाखाली घोणस नाहीतर मण्यार, शेजारी ऊस आणि उसात वाघ. (बिबट्या म्हणायला हवं, पण इथं कोण म्हणतं!) घरात दोन सेलची जुनी बॅटरी होती. तिचा उजेड पिवळा, फार लांब न जाणारा. गेल्या हिवाळ्यात वाघ वस्तीजवळ दिसल्याची बोंब उठली आणि मला लांबपर्यंत उजेड पाडणाऱ्या बॅटरीचं वेड लागलं.

मोबाईलवर जाहिरात आली. एक माणूस रात्री टेकडीवर उभा राहून समोरच्या डोंगरावरचं झाडन् झाड दाखवतोय. खाली आकडे: १,००,००० लुमेन, १२ तास बॅकअप, ९,९०० एमएएचचा सेल, २ किलोमीटर पल्ला. (लुमेन हे उजेडाचं माप, एमएएच हे सेलात किती वीज मावते त्याचं.) ४,९९९ वर काट मारलेली. पैसे पार्सल हातात आल्यावर. आप्पा म्हणाले, "आहे ती काय वाईट आहे?" मी ऐकलं नाही.

पार्सल आलं. संध्याकाळी लाईट घालवून भिंतीवर मारून बघितली, तर भिंतीकडे बघवेना. पुढची काच ओढली की उजेड गोळा होऊन भिंतीवर लख्ख चौकोन उमटायचा. सगळे खूश. सगळी तपासणी एवढीच, दोन मिनिटांची, आणि तीही दहा फुटांवरच्या चुन्याच्या भिंतीवर. एवढ्या जवळून कुठलीही बॅटरी दिपवते. तो आठवडा दिवसपाळीचा होता, म्हणून ती खुंटीला लटकली. परत करायची मुदत ७ दिवसांची. रात्रपाळी लागली आठव्या दिवशी.

पहिल्याच रात्री पूर्ण चार्ज करून निघालो. ओढ्यापर्यंत झकास. स्टार्टर दाबला, पाणी पाटाला लागलं, दोन वाफे भरले असतील तोवर उजेड मलूल झाला. वाटलं, धुकं असेल. तिसऱ्या वाफ्यावर पाय कुठं टाकतोय तेही नीट दिसेना. मग ती दोनदा मिचमिचली आणि गेली. घड्याळात बघितलं, घरून निघाल्याला अर्धा तासही झाला नव्हता. त्यातली वीसेक मिनिटंच काय ती पेटलेली. एवढा वेळ झगझगीत उजेडात काढल्यावर डोळेही आंधळे झालेले. ते अंधाराला पुरते सरावायला चांगला अर्धा तास जातो. उसात काहीतरी खसफसलं. डुक्कर असेल, घूस असेल. मोबाईलचा लाईट लावला, मोठ्यानं खाकरलो, मोटार तशीच चालू ठेवून घरी आलो आणि जुनी बॅटरी घेऊन परत गेलो. त्या रात्री एका वाफ्याचं पाणी फुटून रस्त्याला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या पोराकडे गेलो. त्यानं सेल काढला, तळहातावर झेलला आणि हसला. "काका, हा हलकाय." शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला: २७ ग्रॅम. या मापाचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो, म्हणून त्याचं नावच १८६५०. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आणि या मापात कितीही नावाजलेल्या कंपनीचा घेतला तरी ३,५०० एमएएचच्या फार पुढे कुणी गेलेलं नाही. ९,९०० हा आकडा दिसला की तिथंच समजायचं. माझा सेल त्याच्या मशीनवर १,१०० भरला. अशा काही सेलांत आत छोटा सेल आणि बाकी भुकटी भरलेली असते म्हणे. आम्ही फोडून बघितला नाही. तुम्हीही फोडू नका, लिथियम पेट घेतं.

मग त्यानं कागदावर हिशेब मांडला, तो मला आधी कळला असता तर बरं झालं असतं. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे वॅटमागे शंभर लुमेन धरा. फार चांगली एलईडी थोडं जास्त देईल. एक लाख लुमेन म्हणजे असे ११० बल्ब, हजारभर वॅट. तेवढ्यात टाकीवर पाणी चढवणारी एक हॉर्सपॉवरची मोटार चालते! ती ताकद हाताच्या मुठीतल्या एका सेलमधून निघणार होती, आणि मी इंजिन ओढणारा, मोटारी बांधणारा माणूस, मला ते खटकलं नाही.

आता सेलकडून मोजा. अस्सल ३,५०० एमएएच म्हणजे ३.५ अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे १३ वॅट-तास. ९०० लुमेनवर, म्हणजे ९ वॅटवर चालवली तर जेमतेम दीड तास. शंभर लुमेनवर चालवली तर बारा-तेरा तास. पाणी एकच, पाट मोठा करा नाहीतर बारीक. खोक्यावर मात्र सगळ्यात मोठ्या पाटाचा उजेड आणि सगळ्यात बारीक पाटाचे तास शेजारी शेजारी छापलेले असतात. माझ्या खोक्यावरचा लुमेनचा आकडा तर निव्वळ थापच होती. पण हा जोडी लावायचा प्रकार बऱ्या मालावरही दिसतो, म्हणून दुकानात विचारायचं ते असं: या उजेडावर किती तास?

आणि तास म्हणजे तरी काय? बरे टॉर्चवाले एएनएसआय एफएल-१ नावाच्या मोजणीप्रमाणे आकडे छापतात. त्यात चालू केल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असतो, तो त्याच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे हजार लुमेनची बॅटरी शंभरावर घसरली तरी तोवरचे सगळे तास तिच्या नावावर. पल्लाही असाच: जिथं उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो तिथपर्यंतचं अंतर. खोटं नाही, पण चांदण्यात लांबचा वाघ ओळखू येईल का, हे आपलं आपण ठरवायचं. शिवाय मोठ्या उजेडाच्या बॅटऱ्या तापतात, म्हणून काही मिनिटांत आपोआप खाली येतात.

पैसे परत? खोक्यावरचा नंबर अस्तित्वात नव्हता. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, छापील किंमत नाही. या गोष्टी पाकिटावर असणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि पार्सल घेताना मी त्या बघितल्या नाहीत. सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माझ्या सेलवर फक्त ज्वाळांचं चित्र होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नोंद क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि बिल जपून ठेवा. माझ्याकडे पहिलं नव्हतं आणि दुसऱ्यावर नुसतं एक अर्धवट नाव होतं.

नंतर तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ३०० लुमेनची घेतली, प्रत्येक टप्प्याचे तास वेगवेगळे छापलेली. घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी पूर्ण चार्ज करून, मधल्या टप्प्यावर लावून पडवीत ठेवली आणि दर अर्ध्या तासानं उठून बघत बसलो. आप्पा म्हणाले, "आता पडवीला दारं धरतोयस का?" बांधावर चालायला खालचा टप्पा पुरतो. मोठा उजेड उसाकडे एकदा फिरवायला, एवढंच.

जुना सेल दुरुस्तीवाल्याच्या ई-कचऱ्याच्या डब्यात गेला. रिकामी नळी धाकट्याने घेतली. पुढची काच फिरवून काढलीय त्याने, आणि दुपारचा ओट्यावर पालथा पडून तिच्यातून मुंगळे बघत असतो.