गोदामाचा नवा कोबा आणि पोटमाळा, वर्षभर वापरल्यानंतर

आमचा धंदा पुस्तकांच्या वितरणाचा. गोदामात दिवसभर खोकी येतात, फुटतात, पुन्हा बांधली जातात. जुना कोबा पीठ सोडायचा. सकाळी झाडलं तरी दुपारी पुन्हा पांढरी भुकटी, आणि काळ्या मुखपृष्ठावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. परत आलेल्या एका गठ्ठ्यावर ‘जुन्या प्रती पाठवल्या’ असा शेरा वाचला आणि फरशी बदलायची हे पक्कं केलं. जागाही कमी पडत होती, म्हणून चार महिन्यांनी पोटमाळाही घातला. दोन्ही कामं वेगवेगळ्या लोकांनी केली. नावं देत नाही. कोब्याला पाचपैकी तीन, पोटमाळ्याला चार. आणि ज्या क्रमाने हे केलं त्याला, म्हणजे मला, एक.

सुरुवातीला मला इपॉक्सीच हवं होतं, म्हणजे फरशीवर चढवतात तो रेझिनचा कडक थर. चकचकीत, पुसलं की आरसा. पहिला ठेकेदार आला तो थेट रंगांचं कार्डच घेऊन. दुसऱ्याने मात्र हातभर प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि म्हणाला, “ताई, उद्या सकाळी उचलून बघा.” सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, खालचा सिमेंट काळपट. जमिनीतली ओल वर येत होती, कारण जुन्या कोब्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागदच घातलेला नव्हता. अशा फरशीवर इपॉक्सी लावलं तर खालून ओल रेटते, फुगे धरतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. शटरपाशी ऊन येतं तिथे ते पिवळंही पडतं. तेल किंवा रसायनं सांडत असतील तर इपॉक्सी, गरम पाण्याने धुवायचं असेल तर पीयू (पॉलियुरेथेन मिसळलेलं) काँक्रीट, हे मान्य. पण पुस्तकांच्या गोदामात यातलं काहीच घडत नाही. रंगांचं कार्ड परत दिलं.

काम दुसऱ्यालाच दिलं. जुना कोबा उखडला, भराव धुमसला, प्लास्टिक अंथरलं, त्यावर १५० मिलिमीटर जाडीचं एम ३० (ही मजबुतीची प्रत) काँक्रीट. पीठ का सुटायचं ते तेव्हा कळलं. काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं की ते वर येतं, सोबत सिमेंटची बारीक गाळ आणतं, आणि कारागीर त्यावरच थापी फिरवतो. तो वरचा थर कधीच घट्ट होत नाही. आम्ही वापरलेल्या ट्रिमिक्स पद्धतीत ओल्या काँक्रीटवर चटया टाकून पंपाने हे जादा पाणी ओढून घेतात. मग वरचा थर टणक करणारी हार्डनरची पूड भुरभुरायची आणि मशीनची थापी फिरवायची. मशीनवाला माणूस कसबी होता. मध्येच बूट रोवून बघायचा, टाच अर्ध्या सेंटीमीटरहून कमी रुतली की सुरू, नाहीतर विडी पेटवून बसायचा. मी घाई केली तर ऐकायचा नाही, आणि तेच बरोबर होतं. आज वर्षानंतरही झाडू मारला की केराची टोपली अर्धीही भरत नाही. पृष्ठभागाला पैकीच्या पैकी.

गुण गेले ते सांध्यांत. काँक्रीट आक्रसताना तडकतं, म्हणून ते कुठे तडकावं हे आपणच ठरवायचं असतं: मशीनने सरळ रेषेत खाचा मारायच्या, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल, आणि काँक्रीट खाच पेलण्याइतकं कडक होताच, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. आमच्याकडे कटर आला तिसऱ्या दिवशी. तोवर दोन तडे आपल्या मर्जीने आडवे गेलेले. बरं, खाचा तरी खोल असाव्यात! मी स्टीलची पट्टी घालून पाहिली, एका पट्ट्यात जेमतेम २५ मिलिमीटर. हव्या होत्या निदान ३८. वर त्या भरल्या मऊ सिलिकॉनने. हँड पॅलेटची, म्हणजे हाताने ओढायच्या मालगाडीची, चाकं लहान आणि टणक असतात. ती खाचेवरून जाताना मऊ भरण दबतं, आणि सगळा मार काँक्रीटच्या कडेवर बसतो. शटरपासून पॅकिंगच्या टेबलापर्यंतच्या वाटेवर सहा महिन्यांत कडा अशा उडाल्या की भरलेला पॅलेट नेताना खडखडाट ऑफिसात ऐकू येतो. रहदारीच्या सांध्यांत कडांना आधार देणारं, थोडं कडक इपॉक्सीचं भरण लागतं. आता तेवढ्या वाटेचं काम पुन्हा करून घेते आहे, वेगळ्याच माणसाकडून.

पाण्याचंही तेच. “तीन दिवस पाणी मारलं की झालं, ताई,” म्हणाले. मी आमच्याच माणसाकरवी पूर्ण सात दिवस गोणपाट ओलं ठेवलं.

आता पोटमाळा. १५ बाय २० मीटर, नटबोल्टचा, वेल्डिंग नाही, म्हणजे उद्या जागा बदलली तरी सोडवून नेता येईल. विक्रेत्याने सांगितलं, चौरस मीटरला ५०० किलो, काय हवं ते ठेवा. ‘काय हवं ते’ ऐकून मी एक खोकं काट्यावर चढवलं. ४० बाय ३० सेंटीमीटरचं, ३० उंच: २२ किलो. गुणाकार केला तर अशी तीन खोकी एकावर एक ठेवली की चौरस मीटरला ५५० किलो होतात. कमरेच्याही खाली आणि मर्यादा संपली! कागद दिसतो हलका, पण पुस्तकांचा ढीग म्हणजे जवळपास लाकडाचा ओंडका. मी ७५० मागितले. चार खोक्यांचे ७३३ भरतात. त्यांच्या डिझाइनवाल्या मुलीने हिशेब लगेच नव्याने करून दिला, कुरकुर न करता. चार गुणांतला एक तिचा.

पण तिने पुढे विचारलं, “खाली स्लॅब किती जाड आहे?” खांब पाच-पाच मीटरवर, म्हणजे मधल्या प्रत्येक खांबावर २५ चौरस मीटरचा भार. पावणेएकोणीस टन, वर पोलादाचं स्वतःचं वजन. आणि हे सगळं खांबाच्या तळाच्या वीतभर-दीडवीतभर बेस प्लेटमधून १५० मिलिमीटरच्या कोब्यावर, ज्याच्याखाली नुसता भराव. उत्तर सरळ होतं: प्रत्येक खांबाला वेगळं फुटिंग, म्हणजे जमिनीत स्वतंत्र पाया. चार महिन्यांच्या नव्याकोऱ्या कोब्यात वीस चौकोनी खड्डे पाडताना मी तिथे थांबले नाही, चहाला गेले. ठिगळांचा रंग वेगळा राहिलाच, शिवाय चौकोनाच्या कोपऱ्यांतून बारीक तडे तिरपे निघाले. माळा आधी ठरवला असता तर फुटिंग आधी भरून, खांबाभोवती शंकरपाळ्याच्या आकाराचे वेगळे सांधे ठेवून कोबा घालता आला असता. मग तडा कोपऱ्यातून न जाता सांध्यात गेला असता. कोबावाल्याने “वर काही घालणार का?” हे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वरच्या तळासाठी तीन पर्याय होते. चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा पोलादी पत्रा) मजबूत, पण वर कुणी चाललं की खाली ढोल. जाळीतून उजेड-वारा खाली येतो, सोबत धूळही, थेट पुस्तकांवर. आम्ही ३८ मिलिमीटरचे दाट बोर्ड घेतले. पाऊल शांत पडतं. मात्र भरलेला हँड पॅलेट त्यावर न्यायचा नाही, सगळा भार चार चाकांखाली येतो. वर मोठ्या रबरी चाकांची ढकलगाडी ठेवली आहे.

उंचीत मात्र फसले. कागदावर खालची उंची २.७ मीटर होती, ती बोर्डापर्यंतची. तुळया ३० सेंटीमीटरच्या, त्यामुळे हातात राहिले २.४, आणि त्यातच दिवे. छताचे दिवे खाली पोचत नाहीत, तसंच छताच्या, आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचं पाणीही पोचत नाही. माळ्याखाली दोन्ही नव्याने घालावे लागले. वर पत्र्याखाली दुपारी भट्टी असते, तिथे पंखे. जिने दोन घेतले, दोन टोकांना. कठड्यातलं माल घेण्याचं फाटक दुहेरी आहे, एक बाजू उघडली की दुसरी आपोआप बंद होते. ते विक्रेत्यानेच सुचवलं होतं आणि त्याबद्दल त्याचे आभार.

माळ्यावर प्रत्येक रॅकच्या खांबावर चौथ्या खोक्याच्या उंचीला मी लाल रंगाचा पट्टा मारून घेतला आहे. परवा एका रांगेत पाचवं दिसलं. विचारलं तर हमाल म्हणाला, “ताई, त्यात बुकमार्क आहेत.” मी काटा वर मागवला. खरंच, सहा किलो. पण खाली उतरवायला लावलं.